अंतराळवीर एड व्हाइट

चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्याचे नाव शब्बाथशाळेतले लहान मूलही सांगेल. त्याच्या मागोमाग जो उतरला त्याचेही नाव पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या पावलांसाठी ज्यांनी वाट करून दिली, आणि ती करता करता जे वाटेतच राहिले, त्यांची नावे विचारली तर मोठी माणसेही थबकतात. एडवर्ड हिगिन्स व्हाइट हा त्यांतला एक. यानाचे दार उघडून बाहेरच्या पोकळीत गेलेला तो पहिला अमेरिकन. त्यानंतर दीड वर्षाने यानाचे दार उघडता आले नाही म्हणून त्याचा प्राण गेला.

आपल्या भाषेत आवडत्या माणसाला आपण अरेतुरे करतो. त्या काळी सारी अमेरिका त्याला एड म्हणत असे, म्हणून मीही पुढे त्याला एडच म्हणणार आहे. त्यात अनादर नाही.

त्या पहिल्या अंतराळवीरांवर जगाने जे प्रेम केले ते आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण आहे. माझ्या पिढीने ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले. वर्तमानपत्रातली त्यांची चित्रे कापून वहीत चिकटवणारी मुले गावोगावी होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेले तिघे वीर जगप्रवासात मुंबईला आले, तेव्हा त्यांना पाहायला लोकांची रीघ लागली होती. हे प्रेम नुसते धाडसाला मिळालेले नव्हते. धाडसी माणसे जगात पुष्कळ झाली. हे लोक मात्र कोणाचे तरी शेजारी वाटत. त्यांची घरे, त्यांच्या बायका, अंगणात खेळणारी मुले हे सारे लोकांनी चित्रांतून पाहिलेले होते. शेजारी ह्या शब्दाकडे मी पुढे येणारच आहे.

एडचा जन्म १४ नोव्हेंबर १९३० रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनियो ह्या शहरी झाला. वडील लष्करी अधिकारी. लष्करातील बलूनच्या दिवसांपासून त्यांची नोकरी होती आणि पुढे ते हवाई दलात मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत चढले. आकाशाची ओढ मुलाला घरातूनच मिळाली. एड बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला शिकाऊ वैमानिकांच्या टी-६ विमानातून वर नेले आणि वर गेल्यावर काही वेळ विमान त्याच्या हाती दिले. बारा वर्षांच्या मुलावर इतका भरवसा टाकणारा बाप विरळाच.

बापासारखे आपणही वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जावे असे एडच्या मनात होते. पण तेथे प्रवेशासाठी आपल्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधीची शिफारस लागे, आणि वडिलांच्या बदल्यांमुळे ह्या कुटुंबाचे बिऱ्हाड सदा पाठीवर. कोणता मतदारसंघ आपला म्हणावा? एड तेव्हा वॉशिंग्टनच्या शाळेत शिकत होता. हा शाळकरी मुलगा लोकप्रतिनिधींच्या कचेऱ्यांतून एकेक दार ठोठावत हिंडला. बहुतेक ठिकाणी नकार मिळाला असेल हे उघड आहे, कारण त्याचे मत त्यांच्यापैकी कोणाच्याच कामाचे नव्हते. शेवटी एकाने शिफारस दिली. ठोठावा म्हणजे उघडले जाईल हे वचन आपण मुलांकडून पाठ करून घेतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी त्या धड्याला हे उदाहरण जरूर जोडावे. मात्र दार पहिल्याच ठोक्याला उघडले असे मुलांना सांगू नये.

१९५२ साली तो वेस्ट पॉइंटहून पदवीधर होऊन बाहेर पडला. तेथे असताना तो अडथळ्यांच्या शर्यतीत धावे. त्याच वर्षी ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघातली त्याची जागा सेकंदाच्या अंशाने हुकली. शरीर कसलेले ठेवण्याची सवय मात्र त्याने जन्मभर सोडली नाही. अंतराळवीरांत सर्वांत बळकट म्हणून पुढे त्याचेच नाव घेतले जाई.

१९५३ मध्ये पॅट्रिशिया फिनेगन हिच्याशी त्याचे लग्न झाले. एडवर्ड आणि बॉनी अशी दोन मुले झाली. हवाई दलातून त्याची नेमणूक जर्मनीतील बिटबुर्ग येथे झाली. तेथे साडेतीन वर्षे तो लढाऊ विमाने चालवीत होता. तेथेच बझ आल्ड्रिनशी त्याची दोस्ती पक्की झाली. दोघे वेस्ट पॉइंटचे, एक वर्ष पुढेमागे असलेले. १९५७ च्या सुमारास पुढील काळातल्या अंतराळवीरांविषयी एक लेख त्याच्या वाचनात आला आणि त्याने मनाशी ठरवून टाकले. अमेरिकेने त्या वेळी एकही माणूस वर पाठवलेला नव्हता, अंतराळवीर ही नोकरीही अस्तित्वात आली नव्हती. पण ह्या गड्याने तिची तयारी सुरू केली. मिशिगन विद्यापीठात जाऊन १९५९ साली त्याने विमानशास्त्रातील वरची पदवी घेतली आणि मग विमानांची चाचणी घेणाऱ्या वैमानिकांच्या शाळेतून तो बाहेर पडला.

ओहायोमध्ये त्याच्याकडे एक विचित्र काम आले. मोठे विमान एका ठरावीक वक्र मार्गाने वर चढवून खाली आणले की आतल्या माणसाला थोडे सेकंद वजन नसल्यासारखे वाटते. पुढे अंतराळात जाणाऱ्यांना ह्या अवस्थेची सवय व्हावी म्हणून अशी उड्डाणे करीत. जॉन ग्लेनसारख्या पहिल्या अंतराळवीरांना आणि त्यांच्याआधी पाठवलेल्या चिंपांझी माकडांनाही ज्या विमानांतून हा अनुभव दिला गेला, त्यांचे सुकाणू एडच्या हाती असे. दुसऱ्यांच्या तयारीसाठी तो असा वर्षानुवर्षे आकाशात चढउतार करीत राहिला. सप्टेंबर १९६२ मध्ये दुसऱ्या तुकडीच्या नऊ जणांची निवड झाली, तेव्हा त्यांत त्याचे नाव आले. नील आर्मस्ट्राँग, फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि मिशिगनपासूनचा त्याचा मित्र जिम मॅकडिव्हिट हेही त्याच तुकडीतले.

ह्यूस्टनजवळ एल लागो नावाच्या वस्तीत एड आणि आर्मस्ट्राँग ह्यांची घरे शेजारी शेजारी होती. १९६४ साली एका रात्री आर्मस्ट्राँगच्या घराला आग लागली. धुराच्या वासाने पत्नी जॅनेटला जाग आली. नील धाकट्या मुलाला आणायला आत धावला. हाक ऐकताच पलीकडून एड उठला आणि मधल्या सहा फुटी कुंपणावरून उडी टाकून आला. पाण्याचा पाइप त्याने हाती घेतला, खिडकीतून मूल बाहेर दिले गेले तेही त्याने झेलले. घराचे फार नुकसान झाले, पण माणसे सर्व वाचली. ह्या प्रसंगाला बक्षीस नव्हते, पदक नव्हते. अंतराळातल्या त्याच्या २३ मिनिटांपेक्षा कुंपणावरची ही उडी मला तरी अधिक मोलाची वाटते, पण वाचकांचे मत वेगळे असू शकेल.

आता ती २३ मिनिटे. ३ जून १९६५ रोजी केप केनेडीहून जेमिनी-४ हे यान निघाले. आत मॅकडिव्हिट आणि एड असे दोघे, मोटारीच्या पुढच्या दोन बैठकांएवढ्या जागेत. रशियाचा अलेक्सेई लिओनोव्ह त्याच वर्षी १८ मार्च रोजी यानाबाहेर जाऊन आला होता, म्हणून अमेरिकेला घाई झाली होती. तिसऱ्या फेरीत पॅसिफिक महासागरावर असताना दार उघडायची वेळ आली, तेव्हा ते उघडेना. कडीची एक स्प्रिंग अडकत होती. मॅकडिव्हिटने जमिनीवर असताना एका तंत्रज्ञाबरोबर ती यंत्रणा खोलून पाहिली होती, म्हणून दोघांच्या खटपटीने शेवटी दार उघडले.

एड बाहेर पडला. यानाशी त्याला जोडणारी सोनेरी वेष्टनाची दोरी सुमारे २५ फूट लांब होती. तिच्यातूनच त्याचा प्राणवायू येत होता. हातात वायूच्या झोताने इकडेतिकडे जाण्याचे एक छोटे साधन होते. त्यातला वायू तीनेक मिनिटांतच संपला. मग तो दोरी ओढून आणि अंगाला पीळ देऊन हालचाल करू लागला. यान आणि तो दोघेही ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती जात होते, पण त्याला त्या वेगाची काहीच जाणीव नव्हती. खाली निळा समुद्र, मग अमेरिकेचा किनारा आणि ढग. मॅकडिव्हिटने आतून काढलेली त्याची छायाचित्रे पुढे जगभर छापली गेली. एक सुटा हातमोजा दारातून तरंगत निघून गेला, तोही चित्रफितीत दिसतो. आत ये, आत ये, असा निरोप खालून वारंवार येऊ लागला, पण एडचा पाय निघेना. जत्रेतून घरी न निघणाऱ्या मुलासारखी त्याची अवस्था झाली होती. अखेर तो मोठ्या नाखुषीने परतला.

परतल्यावर दार लागेना. ते लागले नसते तर पृथ्वीवर परतताना दोघेही जिवंत राहिले नसते. एड खालून सारे बळ लावून दांडा ओढत होता आणि मॅकडिव्हिट त्याला धरून होता. घामाने डोळे चुरचुरत होते, पण शिरस्त्राणामुळे पुसता येत नव्हते. पुष्कळ झटापटीनंतर दार बसले. नको असलेले सामान फेकण्यासाठी ते पुन्हा एकदा उघडायचे ठरले होते, तो बेत दोघांनी रद्द केला. चार दिवसांनी, ७ जूनला, यान अटलांटिक महासागरात उतरले.

त्या पोकळीत जाताना एडच्या पोशाखाच्या खिशात तीन लहान वस्तू होत्या: सोन्याचा एक क्रूस, संत ख्रिस्तोफरचे पदक आणि यहुद्यांचा दाविदाचा तारा. आपल्या प्रोटेस्टंट वाचकांना ख्रिस्तोफरच्या पदकाचे नाव वाचून थोडे चमकल्यासारखे होईल. एड स्वतः मेथोडिस्ट होता आणि घराजवळच्या सीब्रुक येथील मेथोडिस्ट मंडळीत सहकुटुंब उपासनेला जात असे. ह्या वस्तू म्हणजे ताईत, असे त्याने मानले नव्हते. देवावरील आणि आपल्या देशबांधवांवरील विश्वासाची ती खूण होती, असे त्याने पुढे सांगितले. शेजारच्या घरातला देव वेगळ्या रीतीने पुजला जात असेल, तर त्या शेजाऱ्याचीही आठवण बरोबर न्यावी, एवढा साधा अर्थ मी त्यातून घेतो.

पुढचे दिवस कौतुकाचे गेले. शिकागोत मिरवणूक निघाली, मिशिगन विद्यापीठाने दोघांना सन्मानाची पदवी दिली, अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी बढती दिली आणि लगोलग पॅरिसच्या विमान प्रदर्शनाला धाडले. तेथे युरी गागारिनची आणि त्यांची भेट झाली. दोन देशांचे वैर केवढे, पण हे लोक भेटले की एकाच गावची माणसे असावीत तसे हस्तांदोलन करीत.

मार्च १९६६ मध्ये एडची अपोलोच्या पहिल्या उड्डाणासाठी निवड झाली. प्रमुख गस ग्रिसम, मध्ये एड आणि तिसरा तरुण रॉजर चॅफी, ज्याने अजून एकही उड्डाण केले नव्हते. यान नवे होते आणि त्यात दोष फार होते. एक दुरुस्त करावा तर दुसरा निघे. ग्रिसमने वैतागून सरावाच्या यानावर एक लिंबू टांगून ठेवले. तिकडे निकामी यंत्राला लिंबू म्हणण्याची रीत आहे. त्याआधी तिघांनी एक छायाचित्र काढवून कार्यक्रमाचे व्यवस्थापक जोसेफ शे ह्यांना भेट दिले होते. त्यात यानाची छोटी प्रतिकृती टेबलावर आहे आणि तिच्यापुढे तिघे हात जुळवून, माना खाली घालून प्रार्थनेला बसले आहेत. ती थट्टा होती. पण थट्टेच्या आडून माणूस कधी कधी खरेच बोलतो, आणि ऐकणारे हसून पुढे जातात.

२७ जानेवारी १९६७, शुक्रवार. उड्डाणाला महिनाही उरला नव्हता. दुपारी एक वाजता तिघे यानात शिरले. अग्निबाणात इंधन भरलेले नव्हते, म्हणून ही चाचणी धोक्याची मानलीच गेली नाही. रुग्णवाहिका, अग्निशामक ह्यांची खास तयारी तेथे नव्हती. आत शुद्ध प्राणवायू भरला होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाबाने. अंतराळात शुद्ध प्राणवायू फार कमी दाबाने वापरतात, तेथे तो इतका भयंकर नसतो. जमिनीवर ह्या दाबाला त्यात नेहमी न पेटणाऱ्या वस्तूही भडकतात. यानात नायलॉनच्या जाळ्या होत्या, व्हेल्क्रोच्या पट्ट्या होत्या, मैलोगणती तारा होत्या. संभाषणाची यंत्रणा नीट चालेना म्हणून चाचणी लांबत गेली. सायंकाळी ६ वाजून ३१ मिनिटांनी आतून आग लागल्याची हाक आली.

दार उघडण्याचे काम मधल्या माणसाचे, म्हणजे एडचे. ते दार आतल्या बाजूला उघडणारे होते. सर्व ठीक असतानाही ते काढायला दीड मिनिट लागे. आगीने आतला दाब वाढला आणि त्या दाबाने दार असे घट्ट बसले की कोणाच्याही बाहुबलाने ते हलले नसते. अर्ध्या मिनिटाच्या आत यानाचे कवच फुटले. बाहेरचे कामगार धूर आणि ज्वाळा अंगावर घेत धावले, पण आत पोहोचायला त्यांना पाच मिनिटे लागली. त्यांच्यापैकी कित्येकांवर पुढे उपचार करावे लागले, ही गोष्ट आपण विसरू नये. तिघांचा अंत भाजून झाला नव्हता, विषारी धुराने झाला होता. प्रत्येकाने शेवटपर्यंत आपले काम केले होते: चॅफी संपर्क ठेवून आपल्या जागी होता आणि एडने दाराशी झगडा दिला होता. तो छत्तीस वर्षांचा होता.

त्या सायंकाळी नील आर्मस्ट्राँग वॉशिंग्टनला होता. अंतराळविषयक करारावर सह्या होण्याच्या समारंभासाठी तो गेला होता. एल लागोमध्ये जॅनेटला निरोप आला की पॅटकडे जा. पॅट मुलीला नृत्याच्या वर्गावरून आणायला गेली होती. जॅनेट तिच्या दाराशी वाट पाहत उभी राहिली. काय झाले हे सांगण्याचे काम अंतराळवीर बिल अँडर्सवर आले.

अंत्यविधीचाही एक प्रश्न उभा राहिला. तिघांनाही आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ठेवावे असे वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. एडची इच्छा वेस्ट पॉइंटची होती, हे पॅटला ठाऊक होते, पण शोकात बुडालेल्या विधवेचे तेथे कोण ऐकणार? फ्रँक बोरमनने मध्ये पडून अधिकाऱ्यांना ठणकावले आणि ३१ जानेवारीला एडला वेस्ट पॉइंटलाच मातीत ठेवले गेले. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत आर्मस्ट्राँग होता, आल्ड्रिन होता.

अशा वेळी आपल्या मंडळ्यांतून एक वाक्य फार लवकर बोलले जाते: देवाची इच्छा. मी उपदेश करतो, मरणाच्या घरी जातो, म्हणून मला हे लिहिणे भाग आहे. चौकशी मंडळाने महिनोन् महिने त्या जळालेल्या यानाचा तुकडा तुकडा पाहिला. ठिणगी नेमकी कोठे पडली हे त्यांना निश्चित सांगता आले नाही, बहुधा एखाद्या उघड्या पडलेल्या तारेपाशी. पण ती ठिणगी प्राणघातक का ठरली हे त्यांनी स्पष्ट सांगितले: शुद्ध प्राणवायू, ज्वलनशील सामान, निष्काळजीपणाने टाकलेल्या तारा, न उघडणारे दार आणि सुटकेची तयारी नसणे. ही सर्व माणसांची कामे होती. ती माणसांनीच दुरुस्त केली. नवे दार बाहेर उघडणारे आणि काही सेकंदांत उघडणारे झाले. जमिनीवर असताना यानात ६० टक्के प्राणवायू आणि ४० टक्के नत्रवायू ठेवू लागले. पेटणाऱ्या वस्तू काढून टाकल्या. ऑक्टोबर १९६८ मध्ये अपोलो-७ माणसांसह वर गेले ते ह्या दुरुस्त्यांसह. देवाची इच्छा म्हणून सर्वांनी हात जोडले असते, तर तेच दार पुढच्या तिघांपुढेही बंद राहिले असते.

व्हाइट घराण्याचे दुःख एवढ्यावर थांबले नाही. एडचा धाकटा भाऊ जेम्स हाही हवाई दलात वैमानिक होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये लाओसवर त्याचे विमान पडले. आईबापांनी तीन वर्षांच्या आत दोन मुलगे गमावले. पॅट १९८३ साली निवर्तली. वीरांच्या मिरवणुकीत विधवांना पहिल्या रांगेत बसवतात, नंतरच्या वर्षांत त्यांच्याकडे किती जण जातात हे आपण आपल्याच मंडळीत मोजून पाहावे.

जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि आल्ड्रिन चंद्रावर उतरले. एकाच्या घराची आग एडने विझवायला धाव घेतली होती, दुसऱ्याला अंतराळवीर होण्याचा नाद त्याने लावला होता. आल्ड्रिन प्रेस्बिटेरियन मंडळीचा वडील होता. यानातून बाहेर पडण्यापूर्वी त्याने बरोबर नेलेली भाकर आणि द्राक्षारस घेऊन शांतपणे प्रभुभोजन केले. त्याच्या खांद्याच्या खिशात एक छोटी पिशवी होती. तीत अपोलो-१ चे, म्हणजे त्या तिघांचे बोधचिन्ह होते, आणि गागारिन व कोमारोव्ह ह्या दोन दिवंगत रशियन वीरांची पदकेही होती. कामाच्या गर्दीत तो ती विसरलाच. शिडी चढू लागल्यावर आर्मस्ट्राँगने आठवण करून दिली आणि त्याने ती वरून खाली टाकली. ती अजून तेथेच आहे.

आणखी एक आठवण आकाशात आहे. ग्रिसम मोठा थट्टेखोर होता. अंतराळवीरांना दिशा ओळखण्यासाठी ताऱ्यांची यादी पाठ करावी लागे. त्याने गुपचूप तीन ताऱ्यांना तिघांच्या नावांचे तुकडे उलटे करून नावे दिली. एड हा बापाच्याच नावाचा, म्हणून त्याच्या नावापुढे दुसरा असे लिहीत. दुसरा ह्या अर्थाच्या सेकंड ह्या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने लिहून एका ताऱ्याचे नाव झाले डनोसेस. आगीनंतर सोबत्यांनी ती नावे खोडली नाहीत. अपोलोचे वीर ह्याच नावांनी ते तारे शोधून चंद्राची वाट काढीत गेले.

सप्तर्षी ज्या मोठ्या तारकासमूहात आहेत त्यातच हा तारा आहे. मार्च-एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड करून उभे राहावे. सप्तर्षींची चौकट सापडली की तिच्या डावीकडे, थोडे वर, मंद उजेडाचे दोन तारे जोडीने दिसतात. त्यांतला किंचित अधिक तेजस्वी तो एडचा. उन्हाळी शिबिरात मुलांना गच्चीवर नेऊन दाखवण्यासारखा आहे. दुर्बिणीची गरज नाही, फक्त जवळचा दिवा मालवावा लागतो.